चालत आला की होडीनं

"माणूस चालत आला," कडगावे सर म्हणाले.

"होडीनं आला, सर," मगदूम म्हणाले.

"चालत."

"होडीनं."

एप्रिलचं ऊन, सकाळचे अकरा, गडहिंग्लजमधल्या एका घराचा पत्र्याचा सोपा. तिथे दोन शहाणीसुरती माणसं अमेरिकेत पहिला माणूस कसा पोचला यावर भांडत होती. मी मिरजेहून साडेचार तास एसटीत हाडं खिळखिळी करून आले होते आणि चपला काढून तळवे चोळत बसले होते. मला विचाराल तर तो माणूस चालत गेला, होडीनं गेला की कुणाच्या खांद्यावर बसून गेला, मला काडीचा फरक पडत नव्हता. मला फक्त एक सही हवी होती.

ही १९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा मिरजेच्या एका कोश मंडळात सहसंपादक होते. जगातले सगळे विषय मराठीत आणायचे, अ पासून ज्ञ पर्यंत, वर्णक्रमानं, असा आमचा बेत होता. पहिल्या प्रमुख संपादकांनी उत्साहाच्या भरात सगळ्या अक्षरांच्या नोंदी एकदमच लिहून घेतल्या. अ वाल्या लेखकांना दोन वर्षांत स्वतःचं नाव छापलेलं बघायला मिळालं. ह वाले वाट बघत बसले. प्रा. वीरभद्र कडगावे यांनी ‘हिमयुगीन मानव : अमेरिकेतील पहिली वसाहत’ ही नोंद १९७८ साली पाठवली होती आणि ह चा खंड छापायला निघेपर्यंत वीस वर्षं उलटली होती. बरेचसे ह वाले तोवर वारले होते.

कडगावे सर हयात होते आणि घोळ नेमका तोच होता. वारलेल्या लेखकाची नोंद आम्ही बिनदिक्कत सुधारायचो. जिवंत लेखकाच्या सहीशिवाय मात्र एक शब्द हलवता येत नसे. आणि या नोंदीत हलवण्यासारखं बरंच होतं. सरांनी लिहिलं होतं की पहिले लोक आशियातून गोठलेल्या भूमीवरून चालत अमेरिकेत गेले. मधल्या वीस वर्षांत ते मत मोडीत निघालं होतं. समीक्षक म्हणून डॉ. जिनेंद्र मगदूम यांनी त्यावर लाल शाईनं इतकं लिहिलं होतं की मूळ मजकूर शोधावा लागे. आम्ही जुनी आणि सुधारलेली अशी दोन्ही मुद्रितं, म्हणजे तपासायची छापील पानं, सरांकडे पाठवली. तीन पत्रं टाकली. उत्तर नाही.

"खरातबाई, तुम्हीच जा," आमचे साहेब म्हणाले. "सुधारलेल्या नोंदीवर सही आणा, नाहीतर मगदुमांकडून जुनीच मान्य करून घ्या. दोन्ही जमलं नाही तर कडगाव्यांचं नाव काढू आणि नोंद मंडळाची म्हणून छापू. सोमवारी छपाईचा फर्मा मशीनवर चढतोय."

नाव काढू, हे बोलायला सोपं होतं. आमच्या प्रत्येक नोंदीखाली लेखकाचं नाव छापलं जाई, आडनाव आधी: कडगावे, वी. म. लहान गावातल्या प्राध्यापकाला त्या एका ओळीचं किती अप्रूप असतं ते मी तीस वर्षं बघितलं आहे. कडगावे सरांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं छापील असं काही जगात राहणार असेल तर ती एवढीच ओळ होती.

मगदूम जयसिंगपूरच्या कॉलेजात भूगोल शिकवत. ते आपणहून माझ्याबरोबर आले, कारण कडगावे त्यांचे गुरू. आम्ही दोघं येतोय अशी तार मी सरांना आधी केली होती. गाडीत त्यांनी सांगितलं, सरांकडेच ते डॉक्टरेट करत होते, हाच विषय होता, किनाऱ्याच्या वाटेनं माणूस अमेरिकेत गेला असं त्यांनी त्र्याऐंशी सालीच प्रबंधात मांडलं होतं. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नाही आणि सरांनी सही केली नाही. मग मगदुमांनी दुसऱ्या माणसाच्या हाताखाली, ताम्रपर्णी खोऱ्यातल्या विहिरी या विषयावर, नव्यानं सहा वर्षं घालवली.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"सरांना पटलं नाही, बाई. पटलं नाही तर सही कशी करायची माणसानं?" ते म्हणाले. "पण चौदा वर्षं मी त्यांच्याकडं गेलो नाही, एवढं खरं."

तर असा तो सोपा. सरांची मुलगी गिरिजा बियाणाच्या शेंगा फोडत बसली होती. ती शाळेत नोकरीला होती, सुट्टी लागली होती म्हणून घरी होती. सरांनी तिच्याकडून एक परात आणि एक ताट मागून घेतलं, दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली, मधे चार बोटं जागा सोडली.

"ही परात म्हणजे बर्फ. हे ताट म्हणजे बर्फ. ऊन वाढलं, बर्फ मागं सरकला आणि मधे हा बोळ पडला," असं म्हणून सरांनी मूठभर शेंगदाणे त्या फटीतून एकेक करून पुढे सरकवले. "आधी केसाळ हत्ती गेले. त्यांच्या मागं शिकारी. चालत. दगडी टोकाचे भाले घेऊन. छप्पन्न साली ॲरिझोनात मी स्वतःच्या हातानं हत्तीच्या बरगडीतनं असलं टोक काढलंय. तू काय काढलंस रे?"

"विहिरींतला गाळ, सर," मगदूम म्हणाले.

सरांनी परात जरा नीट केली. मग पुन्हा शेंगदाण्यांकडे वळले. मला भूक लागली होती, मी एक शिकारी उचलून तोंडात टाकला.

"पण सर, हा बोळ उघडायच्या हजारभर वर्षं आधी तिकडं दक्षिणेला, चिलीत, माणसं राहत होती. झोपड्यांच्या खुंट्या सापडल्यात. दोरीच्या गाठी सापडल्यात. मोठमोठी माणसं जाऊन बघून आली, सगळ्यांनी मान्य केलं. बोळ बंद होता, मग ही कुठनं आली?" मगदुमांनी चार शेंगदाणे घेतले आणि परातीच्या बाहेरच्या कडेनं फिरवत खाली आणले. "किनाऱ्या-किनाऱ्यानं. होडीनं. मासे खात, शिंपले खात."

"आता तू समुद्री शेवाळाचं काढणार," सर म्हणाले. "किनाऱ्यापासून एवढ्या लांब झोपडीत शेवाळ कुठनं आलं म्हणून."

"हो. तेच म्हणणार होतो."

"म्हण की मग! आणि किनाऱ्यावरचा पुरावा कुठाय? एक होडी दाखव. एक वल्हं दाखव."

"पाण्याखाली, सर. समुद्र तेव्हा पुष्कळ खाली होता. तो सगळा किनारा बुडाला."

"पाण्याखाली! सोयीची जागा आहे."

तासभर हे असंच चाललं. मी जन्मभर माणसं वाद घालताना बघितली आहेत. कोश मंडळात दुसरं असतं काय? स्वल्पविरामावरून दोन विद्वानांचा अबोला झालेला मी पाहिला आहे. पण हा वाद मला चमत्कारिक वाटत होता. मगदूम पुढचा मुद्दा काढायच्या आत तो सरांना माहीत असायचा. गेल्या वर्षीचं परदेशी संशोधन गडहिंग्लजच्या सोप्यात बसलेल्या म्हाताऱ्याला इतकं तोंडपाठ कसं, असं एकदा माझ्या मनात आलं. पण ऊन मी म्हणत होतं, पाय ठणकत होते, परतीची शेवटची सोयीची गाडी साडेतीनला होती. मी विचार सोडून दिला.

"सर, सही कशावर करताय तेवढं सांगा," मी शेवटी म्हणाले. "जुन्यावर की सुधारलेल्यावर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, जरा आत या. तुमच्या मुद्रितात चुका आहेत. मूळ कागद दाखवतो."

मगदूम गिरिजाबरोबर शेंगा फोडायला बसले. मी सरांच्या मागून आतल्या खोलीत गेले. लोखंडी कॉट, त्याखाली पत्र्याची ट्रंक. सरांनी ट्रंकेतून एक फाइल काढली, त्यातले कागद माझ्या हातात दिले आणि दार लोटून घेतलं.

चार पानं होती, कार्बन कॉपी. वर तारीख १२ ऑगस्ट १९८३. आमच्याच मंडळाला लिहिलेली ‘हिमयुगीन मानव’ या नोंदीची पुरवणी. मी पहिलं पान वाचलं आणि कॉटवर बसले. सरांनी लिहिलं होतं: ‘केवळ भूमार्ग मानून आता भागत नाही. किनारामार्गाने माणूस अधिक आधी पोचला असावा. या मुद्द्याकडे माझे विद्यार्थी जि. आ. मगदूम यांनी आपल्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात लक्ष वेधले असून मला ते मान्य आहे. तरी माझी मूळ नोंद बदलून ही छापावी.’

"म्हणजे तुम्हाला..."

"पटलं होतं," सर म्हणाले. "त्याच वर्षी. पोराचं प्रकरण मी तीनदा वाचलं. खोट निघेना."

"मग त्याच्या प्रबंधावर सही का नाही केलीत?"

सरांनी शेवटचं पान उलटलं. मागे एक कार्ड टाचलेलं होतं. ‘महोदय, आपली नोंद मुद्रणप्रक्रियेत असल्याने कोणताही बदल करणे शक्य नाही. क्षमस्व.’ खाली सही. कु. ब. खरात.

त्या कार्डाचं सांगायलाच हवं. त्र्याऐंशी साली आमच्या लेखकांनी दुरुस्त्यांचा भडिमार लावला होता. साहेबांनी वैतागून असली पाचशे कार्डं छापून घेतली आणि माझ्यापुढे गठ्ठा ठेवला. मी दिवसाला चाळीस-चाळीस सह्या ठोकायची. आलेली पत्रं उघडून वाचायची नाहीत, सरळ पोत्यात भरून माळ्यावर टाकायची, अशी पद्धत होती. आणि ‘मुद्रणप्रक्रियेत’ म्हणजे काय? म्हणजे हस्तलिखित लाल फडक्यात बांधून मांडणीवर ठेवलं आहे. ते तिथे पुढची पंधरा वर्षं राहणार होतं. वाटेल ते बदलता आलं असतं.

"मी म्हटलं, झालं, छापून गेलं," सर सांगत होते. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला पुढे वाकावं लागलं. "उद्या प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या नावाखाली एक लिहिलेलं असणार, आणि मी शिष्याच्या प्रबंधावर त्याच्या उलट सही करायची? परीक्षक खंड उघडून पुढ्यात ठेवतील. लोक तोंडात शेण घालतील. म्हणून पोराला सांगितलं, तुझं मला पटत नाही. खोटं सांगितलं. मग खंड येईल, येईल म्हणून बघत बसलो. गेल्या महिन्यात तुमची मुद्रितं आली तेव्हा कळलं, काही म्हणजे काही छापलेलं नव्हतं."

मी कार्डाकडे बघत होते.

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

"असू दे. कार्ड तुम्ही पाठवलंत. त्याच्या तोंडावर नाही म्हणालो तो मी." त्यांनी कागद परत घेतले. "एक करा. त्याला हे सांगू नका. तो समजतो म्हातारा हट्टी आहे, त्याला कळत नाही. तेच बरं आहे. जुनी नोंद माझ्या नावानं जाऊ दे. चुकीची तर चुकीची. चार लोक हसतील, हसू देत."

"बरं, सर," मी म्हणाले.

आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझी सही त्या ट्रंकेत गेली, झाकण लागलं, आणि छातीवरचं ओझं उतरलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका तपासून माणूस थकतो, बाई, स्वतःची कोण तपासत बसणार, असं मी मनाशी म्हणाले.

बाहेर गिरिजानं पानं वाढली होती. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आमटी. मगदुमांच्या ताटाशेजारी तिनं वेगळी वाटी ठेवली.

"तुमची आमटी वेगळी केलीय, दादा. कांदा-लसूण न्हाई त्यात," ती म्हणाली. "अप्पांनी पहाटेच बजावलं, मगदूम जैन हाय, इसरू नको म्हणून. भाजीतबी घातला न्हाई मग."

मगदुमांचा हात तसाच राहिला. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर भाकरीचा तुकडा मोडत होते, मोडतच राहिले. नंतर कुणी अमेरिकेचं नाव काढलं नाही. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे आहेत, संकेश्वरी मिरचीचा भाव काय, असलं बोलणं झालं.

हात धुऊन आल्यावर मगदूम माझ्याकडे वळले. "बाई, जुनं मुद्रित द्या."

"कशाला?"

"समीक्षक म्हणून मी मान्यता देतो त्याला. आहे तसं छापा." ते सरांकडे न बघता बोलत होते. "सरांचं आयुष्य गेलंय त्यात. त्यांच्या नावाखाली माझं मत कशाला? लोकांना कळायचं ते कळेल दुसरीकडून."

म्हणजे माझं काम झालं होतं. जुनं मुद्रित, मगदुमांची मान्यता, सरांची सही, साडेतीनची गाडी. मी पिशवीतून पानं काढली आणि पेन उघडून मगदुमांच्या हातात दिलं सुद्धा.

"जिनेंद्र," सर म्हणाले.

"सर?"

"सही करू नको."

"असू दे, सर. मला काही वाटत नाही त्याचं."

"सही करू नको म्हणतोय ना!" सर इतक्या जोरात ओरडले की गिरिजा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुझं बरोबर होतं. मला तेव्हाच पटलं होतं. त्र्याऐंशी साली. पटून मी नाही म्हणालो. माझ्या नावाला जपलं मी, तुला नाही जपलं."

आता सर कार्डाचं सांगणार म्हणून मी मान खाली घातली. पण सरांनी कार्डाचं नाव घेतलं नाही. ट्रंकेचं नाही, पुरवणीचं नाही, माझं तर नाहीच. सगळं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

मगदुमांनी विचारलं, "कुठलं पटलं होतं, सर?"

"चौथं प्रकरण. सगळंच, पण चौथं जास्त."

मगदुमांनी मान हलवली. "ते आता माझ्याकडं नाही, सर," ते म्हणाले. "बंबात घातलं. मला वाटलं, सरांना पटलं नाही म्हणजे चुकलंच असणार."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गिरिजा त्यांच्याजवळ जाऊन बसली, काय झालं हे तिला कळलं नव्हतं. थोड्या वेळानं सरांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी सुधारलेलं मुद्रित दिलं. त्यांनी शेवटचं पान काढलं, कडगावे, वी. म. या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली मगदूम, जि. आ. असं लिहिलं. त्या छापील नावाची त्यांनी वीस वर्षं वाट बघितली होती. रेघ सरळ होती.

"मला नको, सर," मगदूम म्हणाले. त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावरही रेघ मारली. रागानं नव्हे, नुसतं थकल्यासारखं. मग त्यांनी सरांच्या पायाला हात लावला आणि चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

सुधारलेली नोंद तशीच छापली गेली. ह च्या खंडात तिच्याखाली कुणाचं नाव नाही. त्यानंतर दीड वर्षानं कडगावे सर गेले. मगदूम त्यांना पुन्हा भेटायला गेले की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणा.

त्या दिवशी आम्ही चालत स्टँडवर आलो. गाडी अजून लागायची होती. मगदुमांनी दोन कोकम सरबतं घेतली, एक मला दिलं. बाकावर बसून आम्ही ते प्यायलो. मला वाटलं, आता सांगावं. शब्दसुद्धा जुळवले होते. मगदूम, सरांनी पुरवणी पाठवली होती, त्यात तुमचं नाव होतं, ती न उघडताच नाकारली ती मी. तीन वाक्यं. शेकडो नोंदी संपादित केलेल्या बाईला तीन वाक्यं जड नव्हती.

"बाई, एक कळत नाही," मगदूमच आधी बोलले. "सरांना पटलं होतं तर त्यांनी तेव्हाच तुमच्या मंडळाला एक पत्र टाकायचं की. मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. नोंद बदलली असती, तर त्यांना अडचण कसली होती?" त्यांनी रिकामा ग्लास बाकाखाली ठेवला. "त्यांनी कळवलं असतं तर तुम्ही बदल घेतला असता ना?"

त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मी समोर बघितलं. आमची गाडी मागे मागे येत फलाटाला लागत होती.

"घेतला असता की," मी म्हणाले. "न घ्यायला काय झालं?"

"तेच म्हणतो मी," मगदूम म्हणाले आणि माझी पिशवी उचलून गाडीत जागा धरायला पुढे गेले.